दोनशे चाळीस दाण्यांची शिट्टी

कोणी नवा माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. काकाजी पायांकडे पाहायचे. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी तुमच्या चपला. मान जराशी वाकडी, एक डोळा बारीक, आणि मग ठरलेलं वाक्य, "चालून राहिली तर चालू द्या. कधी थांबल, थे मले विचारा."

मी कारखान्यात लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डाव्या चपलेकडे बोट केलं. "अंगठा. अठरा दिवस."

आता तुम्हीच सांगा, नव्या जागी पाऊल टाकणाऱ्या बाईला कोणी असं म्हणतं? मी मनात म्हटलं, जा हो, कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. आणि सतराव्या दिवशी, गोंदियाच्या भर बाजारात, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात तेलाचा डबा असताना डाव्या चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तणतणतच काकाजींपुढे उभी राहिले.

"अठरा म्हणले होते तुम्ही! सतराव्याच दिवशी तुटली जी!"

दुसरा कोणी असता तर हसला असता. काकाजी मात्र गंभीर झाले. हातातला पाना खाली ठेवला आणि विचार करून म्हणाले, "शनिवारी बस सुटून राहिली म्हणून धावली होती का तू?"

"धावले होते."

"मंग बरोबर. एक दिवस थ्यात गेला."

असे हे काकाजी. नाव होतं त्यांना, पण ते हजेरीच्या रजिस्टरात पडून राहायचं. सगळा कारखाना त्यांना काकाजीच म्हणे, शेठसुद्धा. टपरीवाल्याच्या स्टोव्हचा पंप, ऑटोवाल्याचा क्लच, शेठच्या खुर्चीचं चाक, सगळ्यांचं भविष्य ते चालता चालता सांगून जायचे. शेठच्या खुर्चीला त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. धनत्रयोदशीला शेठ पूजेच्या ताटासकट मागं कलंडले. काकाजी धावत जाऊन त्यांना उठवायला लागले, पण उठवता उठवता नजर चाकावर. "पाहा, इथूनच गेलं," म्हणाले. शेठ अजून खालीच होते.

एकदा मी विचारलं, "काकाजी, माणसाचं नाही का सांगत?"

"माणसाचं नाई सांगत, पोरी. माणूस लबाड. झिजलं तरी सांगत नाई, चालतच राह्यते."

आमचा कारखाना म्हणजे एमआयडीसीतली एक टिनाची शेड आणि तिच्यात दोन मशिनी. एक नवी, आपोआप चालणारी. ती पाण्याचे मग करायची, आणि ते स्वतःच खोक्यात टाकायची. तिला आमची काही गरज नव्हती. दुसरी जुनी, जिला सगळे म्हातारी म्हणायचे. ती शिट्ट्या करायची. लाल, हिरव्या, पिवळ्या. एका वेळी आठ शिट्ट्या दांडीला लटकून बाहेर पडायच्या. आम्ही तिघी बाया त्या तोडायच्या, कडा साफ करायच्या, वाजवून पाहायच्या आणि पिशव्यांत भरायच्या.

हो, वाजवून पाहायच्या! दिवसभर! शेठनं नियम केला होता की एक शिट्टी एकदाच फुंकायची. पण तुम्हीच पाहा, माणसाच्या हातात शिट्टी दिली आणि सांगितलं की एकदाच फुंक, तर कोण ऐकणार? आम्ही गाण्यांच्या चाली वाजवायचो. तिघींची एकमेकींशी भांडणंसुद्धा शिट्ट्यांवर व्हायची. बाजूच्या राईस मिलचा चौकीदार रोज येऊन हात जोडायचा.

या शिट्ट्या जायच्या मंडईत. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई लागते. आज या गावची, उद्या त्या गावची. पाळणे, जिलेबी, नाटक आणि पाहुण्यांनी भरलेली घरं. पोर मंडईतून शिट्टी न घेता परत आलं असं कधी झालं नाही. म्हणजे दसऱ्यापासून पुढचे दोन-अडीच महिने म्हातारीचा हंगाम, आणि म्हातारीच्या जिवावर आमचा.

आता या म्हातारीच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. फार कठीण नाही. एक जाड नळी, तिच्यात फिरणारा स्क्रू. नळी तापते, प्लास्टिक वितळतं, स्क्रू त्याला साच्यात ढकलतो. स्क्रूच्या टोकाला एक लोखंडी रिंग असते, ती वितळलेला माल पुढं जाऊ देते पण मागं येऊ देत नाही. हातपंपाचा वायसर पाहिला ना? तो झिजला की दांडा कितीही हाणा, पाणी आतल्या आत खाली उतरतं. तसंच. रिंग झिजली की माल मागं सरकतो आणि शिट्टी हलकी होते. हलकी, म्हणजे डोळ्याला दिसत नाही. वाजतेसुद्धा छान.

मग ओळखायचं कसं? आत तर पाहता येत नाही. पाहायचं तर मशीन बंद करून खोलावी लागते आणि दिवस वाया जातो. काकाजी इथे येण्याआधी चाळीस वर्षं राईस मिलमध्ये फिटर होते. मिलमध्ये रबराचे रोल किती घासले ते रोल पाहून नाही, तांदळातली कणी पाहून ओळखतात. "मशीन पाहू नोको, माल पाहा," असं ते म्हणायचे. म्हणून रोज सकाळची पहिली शिट्टी त्यांची. एका सोनारानं दुकान मोडताना दिलेला चिमुकला तराजू होता. एका ताटलीत शिट्टी, दुसऱ्या ताटलीत एक पुरचुंडी. पुरचुंडीत काय? धानाचे दाणे! मोजून दोनशे चाळीस. रिंग नवी असताना शिट्टी बरोबर तेवढी भरायची. रोज किती दाणे कमी पडतात ते खडूनं म्हातारीच्या अंगावर लिहून ठेवायचे. दहा दाणे कमी झाले की रिंग बदलायची.

शेठकडे विजेचा काटा होता, पण तो पोती मोजायचा. त्याच्यावर शिट्टी ठेवली तर तो शून्याशिवाय काही दाखवत नसे. आणि काकाजींचा हिशोब आजवर एका दाण्यानं चुकला नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठेक दिवस आधी शेठ एका कबाडीवाल्याला घेऊन आले. तो म्हातारीभोवती फिरला, दोन ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि आमच्या शिट्ट्या वाजायच्या थांबल्या. म्हातारी गेली तर शिट्ट्या गेल्या, आणि शिट्ट्या गेल्या तर आम्ही तिघी घरी. आमच्यातल्या मोठ्या बाईच्या घरी तर कमावणारी ती एकटीच.

शेठ म्हणाले, "काकाजी, मेरे को साफ बताओ. ये बुढ़िया मंडई निकालेगी क्या?"

काकाजींनी खडूच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "निकालेगी. पूर्ण मंडई. रिंग एकच दाणा घासली आहे."

"और बीच में खोलनी पड़ी तो?"

"नाही पडत."

"पड़ी तो उसी दिन कबाड़ में. और फिर आप भी घर बैठो, मामला खतम."

"बैठतो," काकाजी म्हणाले आणि पाना घेऊन कामाला लागले. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तर तेव्हाच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आणि इथेच माझ्यातली शहाणी जागी झाली. काकाजींसाठी काहीतरी करावं म्हणून माझा जीव नुसता तळमळत होता. आणि ती पुरचुंडी! तेलानं काळी झालेली, कोपऱ्यात उसवलेली, आतले दाणे कित्येक वर्षांचे. मी म्हटलं, देवाच्या ताटात ठेवायची वस्तू ही, आणि अशी? दवनीवाड्याला माझ्या भावाची शेती आहे. त्याच्याकडचं हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान नुकतंच कापलं होतं. आमच्यात नवाई करून नवं धान देवाला दाखवल्याशिवाय तोंडी लावत नाहीत, एवढा त्याचा मान. मी ओंजळभर घेऊन आले. अंगणात बसून पोचट दाणे निवडून टाकले, टपोरे टपोरे घेतले, दोनशे चाळीस तीनदा मोजले. लाल ब्लाउजपीसच्या तुकड्याची पुरचुंडी शिवली. नवरा म्हणाला, "कायले एवढी नटवून राहिली?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही, गप बसा."

दसऱ्याला मशिनींची पूजा झाली. झेंडू, नारळ, आपट्याची पानं. मी पुरचुंडी काकाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. "नवा धान!" म्हणाले. "म्हातारीची नवाई झाली व पोरी!" डोळ्यात पाणी. जुनी पुरचुंडी त्यांनी हळद-कुंकू लावून हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली. मी अशी मिरवले त्या दिवशी, विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शिट्टी पडली. काकाजींनी नव्या पुरचुंडीला नमस्कार करून ती ताटलीत ठेवली, समोर शिट्टी. शिट्टीची ताटली टणकन वर गेली. त्यांनी डबीतल्या सुट्या जुन्या दाण्यांतला एक तिच्यात टाकला. दुसरा टाकला. पाच, आठ, बारा. सोळाव्या दाण्याला काटा मधोमध आला.

त्यांनी दुसरी शिट्टी घेतली. तिसरी घेतली. सोळा. सोळा.

"रिंग गेली," काकाजी म्हणाले.

आम्ही तिघी एकदम बोललो. काकाजी, वाजते ना जी! मी फुंकून दाखवली, कानठळ्या बसतील अशी. मंडईतलं पोर काय तराजू घेऊन येणार आहे? कोणाला सांगू नका, चालू द्या! मोठ्या बाईनं तर हात जोडले.

"वाजते," ते म्हणाले. "पर एवढी गेली म्हणजे रिंग चिरली असल. थे आतमंदी तुटली तर नळीले चरे पाडल. मंग म्हातारी खरंच मेली. आज खोलली तर वाचल." आणि शिट्टी खिशात घालून, स्वतःच्या पायांनी शेठच्या केबिनमध्ये गेले. आपण चुकलो हे सांगायला एवढ्या ताठ मानेनं जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शेठचं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. त्यांनी तिथूनच कबाडीवाल्याला फोन लावला. दुपारी ये म्हणाले.

तरी काकाजींनी म्हातारी खोलायला घेतली. मरतेच आहे तर कशानं मरते ते पाहू द्या म्हणाले. नळीचं तोंड खोललं, स्क्रू पुढं सरकवला, गरम रिंग चिमट्यानं काढून बारदान्यावर ठेवली. थंड झाल्यावर चिंधीनं पुसली.

रिंग नव्या जोडव्यासारखी चमकत होती. चीर नाही, चरा नाही. कॅलिपर लावला, तोही तेच म्हणाला.

काकाजी जमिनीवर फतकल मारून बसले. रिंगकडे पाहत, पुरचुंडीकडे पाहत, पुन्हा रिंगकडे पाहत. आम्ही तिघी भोवती उभ्या. मग त्यांनी पुरचुंडी सोडली, एक दाणा काढला आणि नेहमीच्या सवयीनं दाढेखाली धरला. मिलमधल्या माणसाला ही सवय असतेच. वाळलेलं धान दाढेखाली कट्ट वाजतं.

वाजलं नाही. पिठासारखं दबलं.

काकाजींचं चावणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हा धान वाळवला होता?"

"वाळवायचा कायले जी? ताजा आहे. परवाच कापला."

त्यांनी पेटीतून जुनी पुरचुंडी काढली. एक दाणा चावला. कट्ट! ती जुनी पुरचुंडी आणि सकाळची शिट्टी तराजूत घातली, चावलेल्या दाण्याचा हिशोब धरला. शिट्टी फक्त एक दाणा हलकी. दसऱ्याच्या आधी होती तेवढीच.

मला कळायला अजून एक क्षण लागला. ओलं धान! पाण्यानं फुगलेलं, जड. माझे दोनशे चाळीस दाणे म्हणजे त्यांचे दोनशे पंचावन्न. शिट्टी हलकी झालीच नव्हती, माझी पुरचुंडी जड होती. मी, शेतकऱ्याची पोरगी, तीनदा मोजलं आणि एकदाही चावून पाहिलं नाही!

आणि मग काकाजी हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "चाळीस वर्षं," ते धापा टाकत म्हणाले, "चाळीस वर्षं मिलमंदी धान चावला, आन आज पूजेचा म्हणून नाई चावला!" मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मोठ्या बाईनं तर टोपलीतली शिट्टी उचलून फुंकायलाच सुरुवात केली.

त्या गोंधळात शेठ आले, मागं कबाडीवाला. मी पुढं झाले. "शेठ, चूक माझी..."

"चूप," काकाजी म्हणाले. "धान कोनाचाही असो, दातानं पाहाचं काम माह्यं होतं. शेठ, मी चुकलो. रिंग चांगली आहे, मशीन चांगली आहे. मी घरी बसतो, पर म्हातारीले विकू नोका."

"मतलब? हुआ क्या?"

काकाजींनी लाल पुरचुंडी पुढं केली. आता आमचे शेठ कोण? गोंदियाच्या जुन्या धान व्यापाऱ्याचा मुलगा. पुरचुंडी हातात आली तसा त्यांच्या अंगठ्यानं एक दाणा आपोआप उचलला आणि दाणा आपोआप दाढेखाली गेला. चावला. भुवया वर गेल्या.

"गीला है!"

"हो."

"इससे तौला?"

"हो."

शेठ माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले. "अरे," ते म्हणाले, "मेरे बाप को लोगों ने जिंदगीभर गीला धान टिकाया. सूखे के भाव में पानी बेचा. लेकिन मशीन को टिकानेवाली तू पहली निकली!" आणि तेही असे हसत सुटले की कबाडीवाला घाबरून दोन पावलं मागं सरकला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. शेठनं जाता जाता आवाज चढवून सांगितलं की हंगामातला एक दिवसही आता वाया गेला तर बघा. पण त्यात काही दम नव्हता.

संध्याकाळच्या आत म्हातारी पुन्हा शिट्ट्या टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी काकाजींनी जुनी पुरचुंडी सोडली. तिच्यात आता दोनशे एकोणचाळीसच राहिले होते, एक चावून टाकला होता ना. माझ्या लाल पुरचुंडीतला एक दाणा त्यांनी नळीच्या गरम पत्र्यावर ठेवून खडखडीत वाळवला आणि जुन्यात मिसळून टाकला. "घे. झाले पूर्ण," म्हणाले. माझा तो एक दाणा अजूनही तिथेच आहे.

म्हातारीनं पूर्ण मंडई काढली. शेवटच्या गावची मंडई झाली तेव्हा खडूनं लिहिलं होतं, नऊ दाणे. दहाव्याला काकाजींनी रिंग बदलली, पण हात माझे वापरले. ते स्टुलावर बसून सांगत राहिले, मी करत राहिले. तराजूही मधल्या महिन्यांत माझ्याच हातात आला होता. "तू पाहा, मले दिसत नाई बरोबर," असं ते म्हणायचे आणि मी खरं मानायचे. शेठसमोर मला उभं करून म्हणाले, "आता हिले विचारत जा. ही धान चावून पाह्यते." मशीन राहिली, आम्ही तिघी राहिलो.

मग एका सोमवारी त्यांनी पेटी आवरली. दोन्ही गुडघे गेल्या पावसाळ्यातच संपले होते म्हणे. कोणाला बोलले नाहीत. मंडईपर्यंत ओढायचं असं आधीच ठरवलं होतं. मी चिडले. "जगाच्या चपला सांगता, आणि स्वतःचं लपवता?"

"तुले म्हणलं होतं ना, माणूस लबाड असते."

चिचगडला त्यांचं घर आहे, जंगलाला लागून. वाटेतल्या देवरीच्या बसमध्ये बसवून द्यायला आम्ही तिघी बसस्टँडवर गेलो. मी मुद्दाम नव्या कोऱ्या चपला घालून गेले होते, म्हणजे जाताना तरी काही अशुभ बोलायचे नाहीत. खिडकीत बसल्यावर त्यांनी वाकून पाहिलंच. मान वाकडी, एक डोळा बारीक. बराच वेळ पाहिलं.

"सांगा ना," मी म्हटलं. "किती दिवस?"

"नाई सांगत," काकाजी म्हणाले. "झिजल्या की मी येऊन पाहीन."

बस सुटली. आम्ही तिघींनी खिशातल्या शिट्ट्या काढून एकदम फुंकल्या. अख्खा बसस्टँड वळून पाहायला लागला, आणि आतून कंडक्टर ओरडला, "अरे, कोनं थांबवून राहिलं बे?"

तेव्हापासून मी ऑटोनं जात नाही. सकाळी पायी जाते, संध्याकाळी पायी येते. बाजारालाही लांबच्या रस्त्यानं जाते, डांबर सोडून खडीवरून. नवरा रोज विचारतो, "काऊन व, असं पायी जाऊन राहिली? पैसे वाचवून राहिली का?" मी म्हणते, तब्येतीसाठी.

आज सकाळी शिट्टी तीन दाणे कमी भरली. अजून पुष्कळ चालेल. आणि येताना फाटकाजवळ डाव्या चपलेचा अंगठा जरासा सैल लागला. मी तिथेच उभी राहून पाय हलवून पाहिला, दोनदा पाहिला, आणि उरलेला रस्ता धावत आले.